मापात राहणारा मासा

दादरला एक शिंपी होते. सगळे त्यांना नाना मास्तर म्हणत. पन्नास वर्षं त्यांनी सूट शिवले. कापडावर खडू टेकवण्याआधी ते गिऱ्हाइकाला दुकानातल्या दुकानात चार पावलं चालायला लावत. कोणाचा खांदा पडका आहे, कोण पोट आत ओढून माप देतोय, कोणाला लग्नापर्यंत अजून दोन किलो चढणार आहेत, हे त्यांना टेप हातात घेण्याआधीच कळायचं.

दुकानात माणसं तीन. कटिंग टेबलाशी नाना. मशीनवर त्यांचा भाचा बाळू. आणि खाली सतरंजीवर काज-बटण, तुरपाई आणि इस्त्री करणारा छोटू. बाळू चौतिशीचा, दोन मुलांचा बाप. एकोणिसाव्या वर्षी संगमेश्वरहून मामाकडे आला तेव्हा घरातलं नाव घेऊन आला आणि ते तसंच राहिलं. शिलाईत त्याचा हात इतका साफ, की कॉलरचं टोक दोन्हीकडे सारखं आलंय का हे नाना आता तपासतही नसत. पण पंधरा वर्षांत सुटाच्या कापडाला त्याने कात्री लावली नव्हती. "हात चांगलाय त्याचा," नाना म्हणत, "पण वाढ नाही. कटिंगला डोकं लागतं." हे ते बाळूच्या देखत म्हणत. बाळू मान हलवी आणि मशीन चालू करी. कधी नानांनीच म्हटलं, "ये, ही पॅन्ट बेत बघू," तर त्याचं उत्तर ठरलेलं: "मामा, मला नाही जमणार."

नाना दुष्ट नव्हते, हे आधीच सांगून ठेवतो. भाच्याचं लग्न त्यांनी करून दिलं, डोंबिवलीच्या खोलीचं डिपॉझिट त्यांनीच भरलं. हाताखालच्या माणसाची वाढ सोडली तर त्यांनी त्याला काही कमी पडू दिलं नाही.

दुकान नव्याने सजवलं तेव्हा इंटिरियरवाल्याने सोफा आणि ट्रायल रूम यांच्या मधल्या भिंतीत चार फुटी टाकी बसवली, आणि तीही समुद्राच्या पाण्याची. नानांनी आधी खूप कटकट केली, कारण हे प्रकरण गोड्या पाण्याच्या टाकीसारखं सोपं नसतं. साधं पाणी आरओमधून काढायचं, त्यात एका लिटरला पस्तीस ग्रॅमच्या हिशोबाने खास समुद्री मीठ विरघळवायचं. पाण्याची वाफ होते, मिठाची होत नाही, म्हणून रोज जेवढं उडालं तेवढं पाणी बिनमिठाचं घालायचं. मिठाचं घातलंत तर महिन्याभरात टाकीचं लोणचं. मे महिन्यात पाणी थंड ठेवणारा चिलर नसला तर सगळंच आटोपलं. (लहान मुलाच्या वाढदिवसाला काचेच्या गोल भांड्यात नळाचं पाणी भरून निमो देणारे लोक मी पाहिले आहेत. तो मासा दुसऱ्या दिवसाचा सूर्य बघत नाही.) पण टाकीवाला मुलगा प्लॅस्टिकच्या पिशवीतून तीन निमो घेऊन आला आणि नानांची कटकट थांबली. नारिंगी अंग, त्यावर तीन पांढरे पट्टे आणि पट्ट्यांना काळी किनार. किनारीचं काम नानांना पसंत पडलं.

"हॅचरीचा माल आहे," टाकीवाला म्हणाला. "समुद्रातून पकडलेला नाही." ते खरं असू शकतं. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या मंडपम केंद्राने हा मासा टाकीत वाढवायचं तंत्र बसवलेलं आहे. तिन्ही पिल्लं एकाच वेळची, तिन्ही इंच-इंचभर. नाना म्हणाले, एकाच ताग्यातून फाडल्यासारखी दिसतात.

दीडेक वर्षात तो तागा बिघडला. एक मासा भलता मोठा झाला, दुसरा मध्यम आणि तिसरा लहानच राहिला. नानांच्या नजरेला हे खुपायला लागलं. शेवटी त्यांनी जुना टेप कापून त्याचा तुकडा काचेला आडवा चिकटवला. माप घ्यायची वेळही त्यांनी नेमकी हेरली. मासा काचेपासून लांब असला की टेपवर माप चुकतं, म्हणून छोटू खाणं टाकायला आला आणि तिघंही काचेलगत आडवे झाले की तेवढ्यात मोजायचं. सव्वातीन इंच. अडीचच्या जरा वर. दोन.

"हा तिसरा खुरटा दिलास मला," त्यांनी टाकीवाल्याला धरलं.

"नाना, एकाच लॉटचे आहेत तिन्ही."

"मग वाढला का नाही?"

"लोक म्हणतात टाकी लहान असली की मासा लहान राहतो. पण टाकी तर तिघांना तीच आहे. मोठा कसा वाढला मग?"

नानांनी निकाल दिला, की मोठा खाऊन टाकतो, याला उरत नाही. छोटूला हुकूम झाला: कोळंबी बारीक चिरायची आणि ड्रॉपरने थेट लहान्याच्या तोंडासमोर सोडायची, दोन वेळा. छोटूने महिनाभर इमानाने भरवलं. काचेवर हिरवं शेवाळ तेवढं वाढलं. लहाना दोन इंचच राहिला.

अशात एक बाई दुकानात आल्या. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, नवऱ्याच्या सुटाची ट्रायल होती. यजमान आत गेले, बाई सोफ्यावर बसल्या आणि त्यांना काचेवरचा टेप दिसला.

"मास्तर, माशांना पण सूट शिवताय का?"

नानांनी गाऱ्हाणं सांगितलं. बाईंनी चष्मा काढला, टाकीशी गेल्या आणि बराच वेळ तिथेच उभ्या राहिल्या. मग नानांना जवळ बोलावलं. "आता बघा. मोठी त्या कोपऱ्याकडे निघालीय. मधला काय करतो ते बघा."

मोठी मासळी मधल्याच्या अंगावरून गेली. मधला जागच्या जागी एका कुशीवर कलला आणि डोक्यापासून शेपटीपर्यंत थरथरला. ती पुढे गेल्यावर सरळ झाला. मग तो तिसऱ्याच्या दिशेने वळला, आणि तिसरा तसाच कलून थरथरला.

"आजारी आहेत?" छोटूने विचारलं.

"मुजरा करतायत," बाई म्हणाल्या.

पुढचा अर्धा तास त्यांनी तास घेतल्यासारखा घेतला. आपल्याला निमो म्हणून ठाऊक असलेल्या माशाचा एक सख्खा भाऊबंद पापुआ न्यू गिनीच्या समुद्रात राहतो. तिथल्या मडांगच्या खाडीत पीटर बस्टन नावाच्या संशोधकाने या माशांची घरं तपासली. घर म्हणजे समुद्रफूल. त्याच्या विषारी दांड्यांत इतर मासे सहसा फिरकत नाहीत; यांना मात्र ते डसत नाही. एका फुलात एक जोडी आणि तिच्या खाली आणखी काही धाकटे. सर्वांत मोठी ती मादी, तिच्या खालचा नर, आणि बाकीचे नुसते बसून. ते ना अंडी घालतात, ना अंड्यांची राखण करतात. आपल्या पाळीची वाट बघतात.

"पोरं असतील त्यांची," नाना म्हणाले.

"नाही. अंड्यातून निघालेलं पिल्लू आधी उघड्या समुद्रात वाहत जातं. दहा-बारा दिवसांनी कुठल्यातरी फुलाशी लागतं. घरातल्या कोणाशी त्याचं नातं नसतं. भाचासुद्धा नसतो तो."

छोटू हसला. मशीनवरून कोणी हसलं नाही.

"आता तुमचा प्रश्न," बाई म्हणाल्या. "बस्टनने मापं घेतली तेव्हा दिसलं, की प्रत्येक मासा आपल्या वरच्याच्या साधारण ऐंशी टक्के लांबीचा आहे. वरच्याच्या बरोबरीला कोणी जात नाही, आणि फार मागेही राहत नाही. 2003 मध्ये 'नेचर'मध्ये छापून आलं हे. त्याच वर्षी तो निमोचा सिनेमा आला."

नानांनी खडू घेतला आणि टेबलावरच हिशोब मांडला. सव्वातीनचे ऐंशी टक्के, दोन पूर्णांक सहा. त्याचे ऐंशी टक्के, दोनच्या केसभर वर. त्यांनी बाईंकडे पाहिलं. "हे तर माझंच माप आलं."

"येणारच. तो खुरटा नाही, मास्तर. त्याला अन्न कमी पडत नाही, पाणी वाईट नाही. तो वाढ धरून ठेवतो. ऐंशीचा नव्वद टक्के झाला, की वरच्याला वाटतं हा माझ्या जागेवर येणार. मग चावे, पाठलाग, आणि शेवटी फुलाबाहेर. बाहेर काढलेला मासा कोणाच्या तरी पोटात जातो. म्हणून तो पायरी ओळखून राहतो. बसून राहिला तर कधीतरी नंबर लागेल. वाढला तर आजच संपेल."

"आणि वरचा गेला तर?"

"मादी गेली की नर मादी होतो. सिनेमात ते दाखवलं नाही. खरं दाखवलं असतं तर निमोच्या बापाची आई झाली असती. आणि तिसरा, जो वर्षानुवर्षं दोन इंच होता, तो वाढायला लागतो. त्याच पाण्यात, त्याच खाण्यावर. वरची जागा रिकामी करून हे तपासलेलं आहे."

"वरची किती वर्षं जगते?"

"समुद्रात तीस वर्षांपर्यंत, असा हिशोब मांडलेला आहे."

नाना मोठ्याने हसले. "म्हणजे आपल्या सरकारी नोकरीसारखं. नंबर लावून बसा!" बाईही हसल्या. यजमान ट्रायल रूममधून बाहेर आले, बाहीची लांबी अर्धा इंच कमी करायची ठरली आणि विषय संपला. बाळूचं मशीन मघापासून थांबलेलं होतं. ते पुन्हा सुरू झालं. नानांच्या ते लक्षात आलं नाही. ज्यांचं काम दुसऱ्यांची मापं घ्यायचं असतं, त्यांना आपल्या दुकानात काय चाललंय ते उशिराच दिसतं.

तुळशीची लग्नं लागली आणि सूटवाल्यांची लगीनघाई सुरू झाली. आणि नेमके त्याच आठवड्यात नाना रेल्वे पुलाच्या जिन्यावर घसरले. उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. दुकानात अकरा सुटांची कापडं बेतायची पडलेली होती, आणि मुहूर्त काही कोणाच्या मनगटासाठी थांबत नाहीत.

"ऑर्डरी परत करा," नाना घरून म्हणाले. मामी म्हणाल्या, "बाळूला सांगा की." बाळू फोनवर म्हणाला, "मामा, मला नाही जमणार."

मामी पंचेचाळीस वर्षांत दुकानात फारशा आल्या नव्हत्या. त्या दिवशी रिक्षा करून आल्या. नानांची मोठी कात्री कटिंग टेबलाच्या खणात असते. तिला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही हा दुकानाचा कायदा. मामींनी ती काढली आणि बाळूच्या पुढ्यात ठेवली.

"जमत नसेल तर नासव. कापडाचे पैसे मी देते."

आणि त्या सोफ्यावर बसून राहिल्या. बाळूने कापड पसरलं, तळव्याने सुरकुत्या सारल्या, खडू घेतला. छातीची रेघ, मुंड्याची गोलाई, पाठीचा मधला जोड. कुठे खोडलं नाही, कुठे पुन्हा मोजलं नाही. मग कात्री चालली ती शेवटपर्यंत न थांबता. छोटू इस्त्री हातात घेऊन बघत राहिला आणि अस्तराला डाग पडता पडता वाचला.

अकराही सूट वेळेवर गेले. नानांना ते फोनवरून कळत होतं, आणि खरं सांगायचं तर त्यांना आनंद झाला नाही. तक्रार एकही नाही, हे ऐकून त्यांचं मनगट जास्त दुखायचं. एक दिवस एक जुनं गिऱ्हाईक पत्रिका द्यायला घरी आलं, अंगात नवा ब्लेझर. नानांनी प्लास्टरच्या हातानेच त्याला वळवलं, उजेडात नेलं, चालायला लावलं. या गृहस्थांचा डावा खांदा अर्धा इंच खाली. नाना दरवेळी त्या बाजूला जादा पॅड घालून ती उणीव झाकत. इथे पॅड वाढवलेलं नव्हतं. बेतताना खांद्याची रेघच निराळी काढली होती. खांदा पडका आहे हे आता नानांनाही केवळ ठाऊक होतं म्हणून दिसत होतं.

"बरं झालंय का मास्तर?" गृहस्थांनी विचारलं.

"झालंय," नाना म्हणाले. त्या एका शब्दाला त्यांना किती वेळ लागला ते मामींनी पाहिलं.

प्लास्टर निघाल्यावर ते दुकानात आले आणि अस्तराचा एक जुना तागा हवा म्हणून पोटमाळ्यावर चढले. ताग्यांच्या मागे वर्तमानपत्रांची एक गुंडाळी होती. रद्दी म्हणून त्यांनी ती ओढली आणि उलगडली तर आतून कोट निघाला. पुढा, पाठ, बाही, कॉलर, सगळं वर्तमानपत्रावर आखून कापलेलं. कडेला पेन्सिलीने मापं, अक्षर बाळूचं. एक नव्हे, पुष्कळ. तारखा लिहिलेल्या नव्हत्या. लिहायची गरज नव्हती, पेपरावर त्या छापलेल्याच असतात. 2014. 2015. 2018. पडक्या खांद्याचे दोन निराळे प्रयोग होते, आणि त्यातला दुसरा नानांनी नुकताच एका अंगावर पाहिला होता.

संध्याकाळी छोटू गेल्यावर त्यांनी गुंडाळी टेबलावर ठेवली.

"दहा वर्षांपासून येतं तुला. बोलला का नाहीस?"

बाळूने बराच वेळ खडूचे तुकडे डबीत भरले. मग म्हणाला, "मामा, तो खालच्या मशीनवरचा कारागीर आठवतो?"

नानांना आठवला. 2013 सालची गोष्ट. नाना गावाला गेले असताना त्याने एक जोधपुरी स्वतः बेतला आणि गिऱ्हाइकाने येऊन सांगितलं, की यंदा मास्तरांपेक्षा झकास बसलाय. महिन्याच्या आत नानांना त्याच्या शिलाईत, हिशोबात, वेळेत, सगळ्यात खोट दिसायला लागली. "शिरजोर झाला होता तो," असं ते अजून सांगत. त्याची शेवटची मजुरी द्यायला त्यांनी बाळूलाच पाठवलं होतं.

"तेव्हा मी बावीसचा होतो," बाळू म्हणाला. त्याने एवढंच सांगितलं आणि शटर ओढायला गेला.

आता गोष्ट इथे संपायला हवी होती. मामाला कळलं, भाचा कळला, गोड शेवट. पण नाना दुसऱ्या दिवशी टेबलाशी उभे राहिले आणि बाळू विचारल्याशिवायच मशीनवर जाऊन बसला. आठवड्यात तो पुन्हा पहिल्यासारखा झाला. "ही बटणं कुठली लावू, मामा?" असं अकरा सूट एकट्याने काढलेला माणूस विचारू लागला. नानांनी कात्री पुढे केली तर म्हणाला, "आता तुम्ही आलात ना." नानांच्या मनगटात अजून जोर नव्हता, कात्री जाड कापडात अडखळत होती. बाळूला ते दिसत होतं आणि तो मान खाली घालून शिवत होता. समजूत पटल्याने काही होत नाही, हे नानांना तेव्हा उमगलं. मोठा मासा समोर उभा असताना लहान्याला "वाढ बाबा" म्हणून भागत नाही.

बाई दुसऱ्या सुटाचं कापड घेऊन आल्या तेव्हा नानांनी त्यांना थेट विचारलं, "एकदा वाढलेला मासा परत लहान होतो का हो?"

"होतो," बाई म्हणाल्या, "आणि हे अगदी ताजं आहे." त्याच पापुआ न्यू गिनीत किंबेची खाडी आहे. 2023 मध्ये तिथला समुद्र तापला. संशोधकांनी 134 मासे दर महिन्याला मोजले. प्रत्येकाच्या अंगावरची नक्षी वेगळी, त्यामुळे कोण कोण ते ओळखता येतं. पाच महिन्यांत सुमारे तीन चतुर्थांश मासे एकदा तरी आखूड झालेले निघाले. बारीक नव्हे, लांबीलाच कमी. 2025 मध्ये हे प्रसिद्ध झालं.

"लहान मासे?"

"जोडीतले. नर पण आणि माद्या पण."

"सर्वांत वरची? ती पण आखडते?"

"ती पण. आणि ज्या फुलात जोडीतले दोघंही बरोबर आखडले, तिथले मासे उन्हाळ्यातून जगण्याचं प्रमाण जास्त. एकच आखडला की मधलं अंतर बिघडतं आणि भांडण लागू शकतं. नंतर दिवस बरे आले की पुन्हा वाढतात ते."

नाना काही बोलले नाहीत. बाईंच्या यजमानांचं माप त्यांनी स्वतः घेतलं, नेहमीसारखं चालायला लावून. आकडे वहीत लिहिले. वहीत पूर्वीपासून एक रकाना असतो, 'कटिंग' नावाचा, आणि त्यात पन्नास वर्षं काही लिहायची वेळ आली नव्हती. नानांनी त्यात बाळूचं नाव लिहिलं. बाळू नव्हे, शाळेच्या दाखल्यावरचं पूर्ण नाव. मग आपली खुर्ची उचलून टाकीच्या बाजूला, माप घ्यायच्या जागी नेऊन ठेवली, आणि टेबलाकडे पाठ करून बसले. पाठ केली ते महत्त्वाचं. तोंड करून बसले असते तर बाळूला आजही जमलं नसतं.

त्या दिवसापासून मापं नाना घेतात आणि कटिंग बाळू करतो. कात्रीला धार लावायला कधी द्यायची हेही तोच ठरवतो.

महिनाभराने नानांना मागून एक वाक्य ऐकू आलं. छोटूने अस्तर बेतायला मागितलं होतं. बाळू म्हणाला, "तू आधी काजं नीट कर. कटिंगला डोकं लागतं." शब्द तेच आणि सूरही तोच. नानांनी मान वळवली तर छोटू खाली बघून सुईत दोरा ओवत होता.

मला विचाराल तर या गोष्टीतली खरी अडचण ही आहे. नाना बदलले म्हणून दुकान बदलत नाही. वरचा सरकला की खालचा त्याच्या जागी जातो आणि त्याच्या खालच्याला पुन्हा ऐंशी टक्क्यांवर धरतो. माशांकडून शिकायचं तर सांभाळून शिकावं, ते याचसाठी. माशाला दोष देता येत नाही. त्याच्याकडे फूल एकच असतं, त्यात जागा मोजकी असते आणि बाहेर मरण असतं. फूल वाढवणं त्याच्या हातात नाही.

नानांनी सुताराला बोलावलं. सोफा थोडा पुढे ओढला आणि भिंतीला लागून चार बाय सहाचं दुसरं टेबल करून घेतलं. त्यावर नवी कात्री, नवा टेप, खडूची नवी डबी. बाळूला काही समजावलं नाही, फक्त वर्तमानपत्रांची ती जुनी गुंडाळी आणून नव्या टेबलावर ठेवली. बाळूने ती पाहिली. दुपारी त्याने स्वतःच छोटूला हाक मारली आणि 2014 सालच्या पेपरावरची बाही उलगडून मुंड्याची गोलाई कशी चुकली होती ते दाखवायला घेतलं. "ही माझी पहिली," म्हणाला. "बघ किती वाईट आहे."

छोटू आता अस्तरं आणि पॅन्टी बेततो. कोटाला अजून वेळ आहे. त्याचं डोकं नव्हे, हात अजून कच्चा आहे, आणि हा फरक दुकानात आता मोठ्याने सांगितला जातो.

टाकीवाल्याने तिसऱ्या माशाला तिथून काढून एका दवाखान्याच्या टाकीत सोडलं. तिथे त्याच्या वर कोणी नाही. परवा तो सांगत होता, की खाणं तेच, मीठ तेच, आणि मासा तीन इंचांच्या जवळ आलाय. दुकानात आता दोनच आहेत. काचेवरचा टेप मात्र नानांनी काढलेला नाही, कारण गिऱ्हाइकांना तो बघून मजा वाटते.

लग्नसराई आलीच आहे. सूट टाकायला जाल तेव्हा टेबलाशी कोणी कोवळा पोरगा खडू घेऊन उभा दिसला, तर "मास्तर कुठे आहेत?" असं त्याच्या तोंडावर विचारू नका. ताठ उभे राहा आणि माप द्या.